नागदेवीचा बिनकंपनीचा रॅचेट आणि ओम्नीचा जाम बोल्ट

रॅचेट म्हणजे टोकाला गोटी (सॉकेट) लावून पुढे-मागे हलवत बोल्ट फिरवायचा दांडा. माझ्या रॅचेटचा ड्राइव्ह, म्हणजे गोटी बसते तो चौकोन, ३/८ इंच, दाते ७२, मान दोन्ही बाजूंना वळणारी, लांबी साधारण २०० मिलिमीटर, किंमत १,४५० रुपये. मुंबईत मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर घेतला. कंपनीचं नाव कुठेच नाही, दांड्यावर फक्त ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलंय. अडचणीच्या जागेतले बोल्ट काढायला असा रॅचेट घ्यावा का? नक्की घ्यावा. पण जाम बोल्टची पहिली पकड त्याने सोडवायला जाऊ नये. ही दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. वर्कशॉपमध्ये व्हाइसला लावलेल्या जॉबवर कुठलाही पाना चालतो, कारण हात फिरवायला मोकळी जागा असते. हत्यार खरं कळतं ते गाडीखाली. या रॅचेटची परीक्षा झाली रत्नागिरीत, माझ्या धाकट्या भावाच्या मारुती ओम्नी व्हॅनमध्ये. तो मिरकरवाड्याहून मासळी उचलतो. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं गाडीत झिरपत राहिलं, वर समुद्राची हवा आहेच. बेल्ट किंचाळायला लागला, चार्जिंगचा दिवा मधूनच पेटायला लागला. काम म्हटलं तर साधं होतं. अल्टरनेटर, म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, सैल करायचा, बाहेर ओढून बेल्टला ताण द्यायचा आणि पुन्हा आवळायचा. पण अल्टरनेटर ज्यावर फिरतो तो खालचा लांब बोल्ट हलायलाच तयार नव्हता.

ज्यांनी ओम्नीचं काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून वरून पाहिलं की ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन दिसतं, पण हात जातो तो मनगटापर्यंतच. बाजूला पत्रा, मागे होज (रबरी नळी), मध्ये वायरिंग. बोल्टचं डोकं आरशात दिसतं, आणि डोळा लावला तर हात शिरत नाही. त्यात भावाने आधी एका गॅरेजला गाडी दाखवली होती. तिथे बारा कोनी गोटी लावून जोर केला होता आणि डोक्याचे कोपरे निम्मे गोल करून ठेवले होते.

रॅचेटच्या आधी गोटीबद्दल बोलायला हवं, कारण गोटी चुकीची असेल तर रॅचेट कितीही चांगला असो, उपयोग शून्य. बारा कोनी गोटी बोल्टच्या डोक्याला अगदी कोपऱ्याजवळ धरते. नव्या बोल्टला ते चालतं, आणि गोटी लवकर बसते हा तिचा फायदाही आहे. गंजलेल्या डोक्यावर मात्र तोच कोपरा सोलून निघतो. सहा कोनी गोटी कोपऱ्यापासून थोडी आत, सपाट बाजूवर दाब देते. १२ नंबरची (१२ मिलिमीटरची) सहा कोनी खोल गोटी मी त्याच दुकानातून १८० रुपयांना घेतली. निम्मे गोल झालेले कोपरे असूनही ती घट्ट बसली. वर्कशॉपमधल्या मुलांना मी हेच सांगतो : घरात एकच सेट घेणार असाल तर सहा कोनी घ्या, बाकीचं नंतर बघा.

आता दात्यांचं गणित. रॅचेटमध्ये जितके दाते, तितक्या भागांत एक फेरा वाटला जातो. जुन्या धाटणीच्या २४ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला १५ अंश मागे यावं लागतं. ७२ दात्यांच्याला ५ अंश पुरतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण २०० मिलिमीटर लांब दांड्याचं टोक १५ अंशांत सुमारे ५२ मिलिमीटर हलतं आणि ५ अंशांत साधारण १७ मिलिमीटर. ओम्नीत त्या बोल्टपाशी दांडा पत्र्यापासून होजपर्यंत जेमतेम दोन बोटं हलत होता. तिथे माझा जुना २४ दात्यांचा रॅचेट एकदाही ‘टक’ वाजला नाही. हा वाजला. मान वळवून दांडा होजच्या वरून बाहेर काढता आला, त्यामुळे हाताची बोटंही पत्र्याला घासली नाहीत. या एका गोष्टीसाठी मी १,४५० रुपये पुन्हा देईन.

पण पहिली पकड? ती याने सोडवली नाही, आणि मी त्याला तसं करूही दिलं नाही. दाते बारीक म्हणजे प्रत्येक दात्याच्या वाट्याला लोखंड कमी. मान वळणारी म्हणजे तिथे एक पिन आणि एक स्क्रू, आणि जोर लावला की सगळा ताण त्याच सांध्यावर. साध्या ८.८ ग्रेडच्या (हा मजबुतीचा दर्जा) एम-८, म्हणजे ८ मिलिमीटर जाड बोल्टला आवळताना साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, म्हणजे २०० मिलिमीटरच्या दांड्याच्या टोकाला बारा-तेरा किलोचा जोर. एवढं हा रॅचेट आरामात झेलतो. गंजलेल्या बोल्टला याच्या कितीतरी पट लागू शकतं, आणि मग माणूस दांड्यावर पाइप चढवतो. बारीक दात्यांच्या, वळत्या मानेच्या रॅचेटवर पाइप चढवू नका. त्या कामाला ब्रेकर बार असतो, म्हणजे गोटी लावायचा लांब साधा दांडा, त्यात तुटायला दाते नसतात. जागा असेल तर लांब रिंग पाना. माझे रिंग पाने टपारियाचे आहेत, नाशिकच्या सातपूरच्या कारखान्याचे, आणि मोकळ्या जागेत घट्ट बोल्ट दिसला की माझा हात आजही आधी त्यांच्याकडेच जातो.

आम्ही गाडी स्टँडवर घेतली आणि खालून लांब एक्स्टेंशन (गोटी लांबवणारा दांडा) लावून ब्रेकर बार फिरवायला जागा केली. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. हे सोडू नका, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरला बॅटरीचा करंट थेट येतो आणि पाना एकाच वेळी तिला आणि बॉडीला टेकला तर ठिणगी नव्हे, वेल्डिंगच होतं. मग तारेच्या ब्रशने बोल्टचं डोकं आणि मागून बाहेर आलेले आटे साफ केले, गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि रात्रभर सोडून दिलं.

भाऊ म्हणाला, “दादा, गॅसने तापवूया का?” मोकळ्या ब्रॅकेटवर मी तापवलाही असता. उष्णतेने गंजाची पकड खरंच तुटते. पण इथे हातभर अंतरावर पेट्रोलची नळी होती आणि नुकताच मारलेला स्प्रेही पेट घेणारा. शिवाय वर सीट. सीटखालच्या इंजिनात ज्योत नेऊ नये, एवढंच उत्तर दिलं. काही जण अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल समप्रमाणात मिसळून टाकतात. ते मिश्रण उघड्यावर ठीक असेल, पण अ‍ॅसिटोनची वाफ किती झटकन पेटते हे माहीत असल्यावर बंद गाडीत ते कुणाला सुचवणार नाही.

सकाळी ड्रिफ्ट (ठोकायचा धातूचा दांडा) टेकवून डोक्यावर हातोडीचे बेताचे ठोके दिले. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांत पाचर बसल्यासारखा अडकतो. ठोक्यांनी त्याला बारीक भेगा पडतात आणि तेल आत शिरतं. मग बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबला, नंतर उलट.

इथे हाताला जे कळतं ते पुस्तकात लिहून येत नाही, तरी प्रयत्न करतो. गोटी फिरतेय असं वाटतं, पण जोर सोडला की बार पुन्हा जागेवर येतो. ही धोक्याची खूण. बोल्ट सुटत नाहीये, पिळतोय, आणि आणखी थोडा जोर लावला की डोकं हातात येईल. तिथेच थांबायचं, पुन्हा स्प्रे, पुन्हा ठोके, पुन्हा वेळ. सुटणारा बोल्ट वेगळा कळतो. आधी कोरडा ‘कट्’ असा आवाज येतो, आणि जोर सोडल्यावर बार होता तिथेच राहतो. आमचा बोल्ट तसा सुटला, दुपार होत आली होती तेव्हा. भाऊ ओरडला. मी नाही, कारण अजून सगळे आटे बाहेर यायचे होते.

आणि तिथून पुढचं काम या रॅचेटचं. सुटलेला बोल्ट सरळ बाहेर काढायचा नसतो. पाव फेरा मागे, मग थोडा पुढे, पुन्हा थोडा जास्त मागे. गंजाची भुकटी आट्यांत दाबली गेली तर बोल्ट अर्ध्यात पुन्हा जाम होतो आणि मग तुटतोच. हे पुढे-मागे करायला दिशा बदलायचा खटका हाताशी हवा. या रॅचेटचा खटका डोक्याच्या मागे आहे आणि न बघता अंगठ्याने फिरतो. आरसा, टॉर्च आणि रॅचेट एकाच वेळी सांभाळताना हे फार उपयोगी पडलं. एक्स्टेंशनला डाव्या हाताने आधार दिला, म्हणजे गोटी तिरकी होत नाही. एक-दोन तासांत लालभडक गंजाने माखलेला बोल्ट अख्खा बाहेर आला, डोकं शाबूत.

जुना बोल्ट परत लावला नाही. डोक्यावर ८.८ लिहिलेला नवा घेतला, ब्रॅकेटच्या आट्यांत टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून ते साफ केले आणि आट्यांवर कॉपरचं अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट पुन्हा जाम होऊ न देणारा लेप, लावलं. अँटी-सीझ लावल्यावर घर्षण कमी होतं, म्हणून आवळताना हात थोडा राखायचा. खाऱ्या हवेत गाडी राहणार असेल तर हा डबा घरात असायलाच हवा. रॅचेटपेक्षा त्याने जास्त पैसे वाचतात.

आता रॅचेटच्या उणिवा. मानेचा स्क्रू वापरात सैल होतो आणि मान लुळी पडते. प्रत्येक मोठ्या कामाआधी तो आवळावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी अ‍ॅलन की सोबत दिलेली नाही. डोकं जाड आहे, त्यामुळे खोल गोटी लावली की उंची बरीच होते. अगदी पत्र्याला चिकटलेल्या बोल्टसाठी आखूड गोटी वेगळी घ्यावी लागेल. मिठाच्या हवेत क्रोमवर ठिपके यायला लागलेत. मी काम झालं की तेलाचं फडकं फिरवतो, तुम्हीही फिरवा. वॉरंटी नाही, बिलावर दुकानाचा शिक्का तेवढा आहे.

गाडी फक्त सर्व्हिस सेंटरला देणाऱ्यांनी हा घेऊ नये, पडून राहील. ओम्नी किंवा ईको घरी असेल, किंवा कुठल्याही छोट्या गाडीचा बेल्ट स्वतः ताणत असाल, तर ७२ दाते, सहा कोनी १०, १२ आणि १४ नंबरच्या गोट्या, एक लांब एक्स्टेंशन आणि वेगळा ब्रेकर बार एवढं एकत्र घ्या. पैसे कमी पडत असतील तर रॅचेट नंतर घ्या, ब्रेकर बार आणि गोट्या आधी. दुकानात उभ्या उभ्या रॅचेट कानाजवळ धरून सावकाश फिरवा, प्रत्येक ‘टक’ सारखा यायला हवा. माझ्यासमोर काउंटरवर तीन ठेवले होते, त्यातला एक मध्येच गप्प होत होता. तो मी बाजूला सारला.