६५० वॅटचा नवा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय): गणपतीपासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

मी ऐरोलीत घरूनच व्हिडिओ एडिटिंग करते. गेल्या पावसाळ्यात पीसी मध्येच बंद पडायला लागला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. थेट काळोख आणि क्षणात आपोआप पुन्हा सुरू. मेल बघताना कधीच नाही, एक्सपोर्ट लावला की हमखास.

खरी खूण हीच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसला की बरेच जण त्यालाच आजार समजतात. तो एवढंच सांगतो की विंडोज नीट बंद न होता मशीन परत सुरू झालं. तपशिलात बगचेक कोड ० होता, म्हणजे विंडोजला क्रॅशची नोंद करायलाही सवड मिळाली नव्हती. प्रोसेसरचं तापमान ७५ अंशांच्या आसपास. मेमटेस्ट रात्रभर चालवला, रॅम ठणठणीत. लाइटचा दोष म्हणावा, तर त्याच यूपीएसवरचा मॉनिटर एकदाही लुकलुकला नाही. उरला एसएमपीएस.

कॅबिनेट उघडून जुन्याचं स्टिकर वाचलं. ठळक अक्षरांत ४५० वॅट, पण खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टला फक्त २२ अँपिअर. गुणाकार केला तर २६४ वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात, आणि लोड आला की कार्ड क्षणभर आपल्या नेहमीच्या वॅटेजच्या बरंच वर जातं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या नव्यावर १२ व्होल्टला ५४ अँपिअर आहेत, म्हणजे ६४८ वॅट. एसएमपीएस घेताना हीच ओळ बघा. ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, १२ व्होल्टला किती दम आहे ते नाही.

बसवल्यापासून एकही रीस्टार्ट नाही. मे महिन्याच्या उकाड्यात तासन्‌तास एक्सपोर्ट चालले, तरी मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.९च्या खाली आली नाही. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायसाठीच्या मानकाच्या, नियमात ११.४ पर्यंत चालतं.

तक्रारी आहेत. केबल सुट्या होत नाहीत, इतक्या जाड की कॅबिनेटचा मागचा पत्रा गुडघा टेकवूनच लावावा लागतो. लोडवर पंख्याची घरघर रात्री जाणवते.

आणि यूपीएसचं बजेट वेगळं धरा. माझा ६०० व्हीएचा म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा. एक्सपोर्ट चालू असताना लाइट गेली की तो ओव्हरलोडची शिट्टी मारतो, त्यामुळे आता १००० व्हीएचा बघतेय.