कोलोमा की कोलंबिया?

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-वडील आले, की योसेमिटी आणि टाहो झाल्यावरही एखादा शनिवार शिल्लक राहतो. त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या गोल्ड रशचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली तो, मुलूख दाखवायचे ठरले, तर कोलोमाला जावे की कोलंबियाला, हा प्रश्न येतो. दोन्ही गावे ४९ क्रमांकाच्या महामार्गाजवळची, दोन्ही आता राज्याची ऐतिहासिक उद्याने आणि दोन्हीकडचे सुरुवातीचे सोने वाळू-गाळात मिसळलेले, म्हणजे प्लेसर. एकाच दिवसात दोन्ही उरकण्याचा उत्साह मात्र दाखवू नये. मधला रस्ता वळणावळणांचा आहे आणि मागच्या आसनावरील ज्येष्ठांना तो सोसत नाही.

मान कोलोमाचाच मोठा, हे आधीच मान्य करतो. २४ जानेवारी १८४८ रोजी जॉन सटरच्या लाकूड-गिरणीचे पाणी बाहेर सोडणाऱ्या चरात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले, ते येथेच. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी मेक्सिकोने कॅलिफोर्निया अमेरिकेला देणाऱ्या तहावर सही केली. आपण काय देत आहोत, याची त्याला कल्पना नव्हती. गिरणीवरच्या मजुरांचा स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमर यांनी त्यातला एक खडा साबणासाठी चढवलेल्या क्षाराच्या कढईत टाकून पाहिला आणि तो तसाच चकचकीत निघाला, ही कथा माझ्या आईला मार्शलपेक्षा अधिक भावली. वाह हॉप आणि मान ली या चिनी व्यापाऱ्यांची दगडी दुकानेही तेथे उभी आहेत. परदेशी खाणकामगारांवर १८५० मध्ये दरमहा २० डॉलरचा कर बसवणाऱ्या या राज्याचा दुसरा चेहरा समजून घ्यायचा असेल, तर त्या दुकानांपाशी थोडे थांबावे.

माझी अडचण निराळीच होती. कोलोमात दिसते ती एक सुंदर, शांत नदी. वरवरचे सोने लवकर संपले, माणसे पांगली, १८५७ मध्ये जिल्ह्याचे ठाणेही प्लेसरव्हिलला गेले आणि पुराच्या पाण्याने वाळू आणून जुन्या खुणा बुजवून टाकल्या. गिरणी आहे ती प्रतिकृती, तीही मूळ जागेपासून बाजूला. त्यामुळे जे काही कळायचे ते फलकांवरून, आणि फलक इंग्रजीत. दिवसभर मी पुढे उभा राहून एकेक फलक मराठीत सांगत होतो आणि आई-वडील सौजन्याने माना डोलावत होते. दुपारी वडिलांनी विचारले, "ते सगळं ठीक आहे, पण खणलं कुठं?" मी नदीकडे बोट दाखवले. त्यांनी नदीकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

कोलंबियात मला फारसे बोलावेच लागले नाही. २७ मार्च १८५० रोजी हिल्ड्रेथ आणि त्याच्या सोबत्यांना येथे सोने सापडले, एवढेच मी सांगितले. गावाच्या कडेला पांढुरके, करडे संगमरवरी दगड माणसाच्या उंचीचे आणि त्याहूनही मोठे, दाटीवाटीने उभे आहेत. पाण्याने हजारो वर्षे झिजून त्या खडकात खाचा आणि रांजणखळगे पडले होते. पाण्याच्या एकोणीसपट जड असलेले सोने त्यांच्या तळाशी जाऊन बसले आणि वर माती साचली. खाणकामगारांनी ती माती काढून लाकडी पन्हळींतून धुतली. मागे राहिले ते हे उघडे दगड. वडिलांनी शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले आणि विचारले, "एवढी माती गेली कुठं? आणि पाणी कुठलं?" दुसरा प्रश्न तर कोलंबियाच्या इतिहासाचा गाभाच होता. गावाला नदी नाही. पाणी दूरवरून पाटाने आणावे लागे, पाटवाली कंपनी त्याचा दर लावी आणि १८५५ मध्ये त्या दरावरून खाणकामगारांनी संप केला. पाटपाण्याच्या पाळ्या आणि त्यावरून होणारी भांडणे ज्यांनी जन्मभर पाहिली, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या कशासाठी, हेही त्यांनीच आईला सांगितले: आपल्या सराफ कट्ट्यावरचे झारेकरी पेढीवरची धूळ-राख पाण्यात हलवून सोन्याचे कण वेगळे काढायचे, त्यातलाच हा प्रकार.

कोलंबियाचे उणे सांगायलाच हवे. तंबू-झोपड्यांची मूळ छावणी तेथेही नाही. १८५४ आणि १८५७ च्या आगींनंतर लोखंडी दारांच्या विटांच्या इमारती बांधल्या गेल्या, त्यांतल्याच पुष्कळशा आपण पाहतो. सुटीच्या दिवशी मुख्य रस्त्याला जत्रेची कळा येते आणि लहान मुले गोळ्या-मिठाईच्या दुकानापासून हलत नाहीत. मुलांना खऱ्या नदीत पाय बुडवून थाळीत वाळू हलवायची असेल, तर कोलोमाला तोड नाही. फक्त कोणत्या काठावर परवानगी आहे ते आधी विचारून घ्यावे. ज्यांना स्वतः वाचत फिरायला आवडते, त्यांनाही कदाचित कोलोमाच अधिक रुचेल.

यंदा सासू-सासरे येणार आहेत. त्यांना कुठे न्यायचे, हे घरात अद्याप ठरलेले नाही. परंतु टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या जास्त घ्यायला मी सांगून ठेवले आहे, कारण दुपारी त्या संगमरवरी दगडांमध्ये ऊन फार तापते.