ओढ्यावरची चकली: वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर, विजेशिवाय ओढ्याचं पाणी वर शेतात चढवणारं हे चाक आमच्या ओढ्यात बसवलं. आता यंदाचाही दसरा झाला. मधल्या काळात ‘खरंच चालतंय काय ते?’ म्हणून इतक्या जणांनी विचारलं, की आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

शेत खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पावसाचं वेगळं सांगायला नको. भात निघालं की वीस गुंठ्यांत मिरची, वाल, थोडी वांगी, आणि कडेला पोफळी. ओढा शेताच्या खाली वाहतो. त्यात पाणी असतं, पण पंपाला लागणारी थ्री-फेज वीज येते रात्री दोनला, आणि वाऱ्यानं फांदी तारेवर पडली की तीही येत नाही. दोन एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे विजेचा पंप, आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती बॅटरी घेऊन चिखलातून त्याच्यापर्यंत जाण्याची.

तर ही चकली. सहा फुटी लोखंडी चाक, कडेला पत्र्याची पाती, आणि चाकाच्या एका अंगाला ४० मिलिमीटरचा काळा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप बाहेरून आत गुंडाळलेला, आठ वेढे. नाव आमच्या काकींनी दिलं. पहिल्या दिवशी बघायला आल्या आणि म्हणाल्या, “दिवाळी लांब हाय की रे अजून, आत्ताच चकली पाडलास?” तेव्हापासून गावात तेच नाव.

पाइपचं बाहेरचं तोंड दर फेऱ्याला एकदा पाण्यात बुडतं. अर्धा फेरा पाणी घेतं, अर्धा फेरा हवा. म्हणजे वेढ्यांत पाणी-हवा-पाणी-हवा अशी माळ तयार होते आणि चाक फिरेल तशी मधल्या आसाकडं सरकते. झडप नाही, पिस्टन नाही, पाणी ढकलणारा पंखा म्हणजे इम्पेलर नाही. मग पाणी वर चढतं कशानं? गवंड्याची लेव्हलची नळी आठवा. दोन्ही टोकं उघडी असतील तर पाणी सारखं उभं राहतं. एका टोकाला फुंकर घाला, दुसरीकडं चढतं. इथं प्रत्येक वेढा म्हणजे अशी एक नळी. मागच्या वेढ्यातली दाबलेली हवा पुढच्या पाण्याला फुंकर घालते, आणि आठ वेढ्यांतले हे सगळे फरक एकावर एक चढतात. १७४६ साली झुरिचमध्ये कथलाचं काम करणाऱ्या विर्ट्झ नावाच्या कारागिरानं ही युक्ती काढली. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. सगळा पंप त्यानं हवेच्या बुडबुड्यांवर उभा केला.

बेळगावात उद्यमबागेला इम्पेलर ओतून देणारे पाहिजे तेवढे मिळतील. लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला, १८६९ साली, आणि १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं तेही बेळगावातच. लोखंडाशी खटपट करायची सवय या मातीत आहे. तरी मी चित्र दाखवल्यावर वर्कशॉपवाले मामा पाच मिनिटं चित्रच फिरवत बसले. “आत कायच न्हाई की हो. पाणी ढकलणार कोण?” पण केलं त्यांनी. पाइप, लोखंड, मजुरी, टेम्पो मिळून साडेपंधरा हजार.

पहिली चूक माझी. आठ वेढे, सरासरी व्यास साधारण दीड मीटर, म्हणजे पाणी बारा मीटर चढेल असा हिशेब करून मी टाकी वरच्या बांधावर ठेवली, तीस फूट उंचीवर. चाक फिरलं, पाणी अर्ध्या वाटेपर्यंत गेलं, आणि मग खालच्याच तोंडातून बदाबद उलटं ओकलं. दोन दिवस असंच. हवा दाबली जाते हे मी धरलंच नव्हतं. दहा मीटर पाण्याच्या दाबाखाली हवा निम्म्यावर येते, वेढ्यातलं पाणी आपली जागा सोडतं आणि कागदावरचा फरक उरत नाही. टाकी वीस फूट उंचीवर आणली, त्या दिवसापासून ओकणं बंद.

पाणी किती? मिनिटाला चार फेरे, फेऱ्याला सव्वादोन लिटर. बादली लावून मोजलंय. म्हणजे मिनिटाला नऊ लिटर. पाहुणे हे ऐकून हसतात. मोनोब्लॉक मिनिटाला २,८८० फेरे मारतो, त्याच्यापुढं ही चकली म्हणजे पेन्शनीत निघालेली म्हातारी. पण म्हातारी झोपत नाही. चोवीस तासांत तेरा हजार लिटर होतात, आणि वीस गुंठ्यांच्या भाजीला ते पुरतात. टाकीत पाणी धारेनं पडत नाही. एक घोट पाणी, मग फुस्स करून हवा, परत घोट. सुरुवातीला त्या आवाजानं कुत्रं भुंकायचं.

आता दुखणं. चाक फिरतं आणि वर जाणारा पाइप स्थिर, त्यामुळं दोघांच्या मध्ये फिरता सांधा लागतो. सगळी मेख तिथं. वर्कशॉपनं दिलेला सांधा तिसऱ्या आठवड्यात गळायला लागला. ‘माती गेली असेल’ एवढंच उत्तर मिळालं. माती गेली नव्हती, आतला पाइप मुळात गोलच नव्हता. शेवटी लेथवर पितळी बुश करून घेतला, गळती अडवणारी ग्लँड दोरी ग्रीसमध्ये बुडवून भरली, ११०० रुपये वेगळे गेले. आता दर दीड महिन्यानं नट पाव फेरा आवळायचा. जास्त आवळला तर चाकच अडतं, कारण ओढ्याची ताकद ती किती! थेंब-थेंब गळू द्यावं. बेअरिंगही दोन महिन्यांत गंजली; तिथं तेल पाजलेले सागवानी बुश घातले, ते अजून आहेत.

वर जाणारा पाइप सलग चढता ठेवा. मध्ये झोळ पडला तर तिथं हवा अडकते. वर कॉक बसवायच्या भानगडीत पडू नका. पाण्याला ओढ मिळावी म्हणून दगड लावून ओढा अरुंद करावा लागला, आणि ते दगड खेकडे पकडणारी पोरं नेमानं हलवतात. त्याला उपाय नाही.

मार्चच्या मध्यापासून जून येईपर्यंत चाक उभंच होतं, ओढ्यात पाणीच नव्हतं. उन्हाळ्यात मोनोब्लॉक विहिरीवर चालतोच. जुलैत पूर येणार म्हणून चौघांनी उचलून काढलं, तरी दोन पाती वाकली. तेव्हा ज्यांचा ओढा संथ आहे, किंवा ज्यांना ऊस भिजवायचाय, त्यांनी या नादाला लागू नये. चिकोडी-अथणीकडच्या पाहुण्यांना मी तसं सरळ सांगितलं.

माझी रात्रीची दोनची फेरी मात्र पाच महिने बंद होती. भाजीला पाणी असताना रात्रभर झोपलो, हे या शेतात पहिल्यांदाच झालं.

सध्या बाहेरून दुसरा वेढा उन्हानं मऊ पडून चपटा झालाय, तिथं पाणी कमी धरतंय. दिवाळीआधी तेवढा पाइप बदलायचा आहे, आणि मामांनी या वेळी स्वतःहून नऊ वेढ्यांचा विषय काढलाय.