लिनक्स मिंट 22: जुन्या लॅपटॉपला नवं आयुष्य

विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, म्हणून नौपाड्यातल्या घरातला धडधाकट लॅपटॉप भंगारात काढायचं कारण नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. 4 जीबी रॅमवर मिंट चालतो. एसएसडी टाकली तर फारच छान. मिंट 22 चे अपडेट 2029 पर्यंत.

आधी लॅपटॉपवर न बसवता 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवरून नुसता चालवून बघा. वाय-फाय दिसत नसेल तर बरेचदा ब्रॉडकॉमची चिप निघते: फोन यूएसबीने जोडून नेट द्या, ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून सुचवलेला ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा. विंडोजही ठेवणार असाल तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद कराच. नाहीतर मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो. घरी टॅलीवर (विंडोजसाठी बनवलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर) काम करणाऱ्यांनी मात्र विंडोज सोडू नये.