एचआयव्हीसोबत टीबी: रोजच्या गोळ्या की आठवड्यातून तीनदा?

आठवड्यातून तीनदा गोळ्या म्हणजे चकरा कमी, समोर बसवून गिळवणं सोपं. आपल्या सरकारी डॉट्सची, म्हणजे समोर गोळ्या गिळवण्याच्या टीबी कार्यक्रमाची, घडी त्यावरच बसली होती. टीबीच्या बहुतेक रुग्णांचं त्यावर भागलंही. एचआयव्ही असलेल्यांचं गणित मात्र वेगळं. प्रतिकारशक्ती खालावलेली, त्यात काहींना जुलाब, त्यामुळे औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. मधल्या कोऱ्या दिवसांत जंतूंना फावतं. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं; पहिल्याला आधीच दाद न देणारा जंतू असेल तर मोठी भिस्त एकट्या रिफाम्पिसिनवर, आणि तेच निकामी होऊ शकतं. मग उपचार लांबतात, औषधं बदलतात.

चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने एचआयव्हीबाधितांमध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. निकाल 2018 मध्ये छापून आले: रोजच्या गोळ्यांनी 91 टक्के बरे, तीनदाच्या पद्धतीत 77. रिफाम्पिसिनला दाद न देणारे चार रुग्ण तीनदावाल्या गटात निघाले, रोजच्या गटात एकही नाही.

रोजचं झंझट आहेच. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, त्यात या; लघवी केशरी झाली की घरचे घाबरतात. तरी माझं मत रोजच्याच बाजूने. गोळ्यांच्या पाकिटावरच्या नंबरला मिस्ड कॉल देऊन हजेरी लावायची सोयही निघाली, म्हणजे रोज केंद्र गाठायलाच हवं असंही नाही.