पहिल्या वर्षी ६९९ रुपये: एका डोमेन कंपनीच्या सेवेचा तीन वर्षांचा अनुभव

बेळगावच्या शहापूर भागात माझे डीटीपीचे आणि छपाईचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, व्हिजिटिंग कार्डे आणि फ्लेक्स ही रोजची कामे असल्यामुळे गावातील दुकानांची नावे दिवसभर डोळ्यांखालून जातात, आणि त्यातूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये मला असे वाटू लागले की ही नावे इंटरनेटवर आपण आधीच घेऊन ठेवली तर पुढे चार पैसे सुटतील. संकेतस्थळाचा पत्ता म्हणून वापरायच्या अशा नावाला डोमेन म्हणतात. एका मोठ्या डोमेन-नोंदणी कंपनीच्या संकेतस्थळावरून मी एकाच रात्रीत चौदा नावे विकत घेतली. नऊ डॉट कॉम होती आणि पाच डॉट इन. त्यानंतरच्या तीन वर्षांत याच कंपनीचे नोंदणी, नूतनीकरण (म्हणजे दरवर्षी पैसे भरून नाव चालू ठेवणे), विक्रीचा बाजार आणि ग्राहक-सहाय्य असे चारही विभाग मी वापरले आहेत. कंपनीचे नाव लिहिण्याचे टाळतो, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या बऱ्याचशा या व्यवसायाच्या रचनेतूनच आलेल्या आहेत.

खरेदीपुरती ही सेवा अतिशय सोपी आहे, आणि नवख्या माणसाच्या दृष्टीने तिचा धोकाही तोच आहे. नाव टाकले की ते शिल्लक आहे की नाही हे क्षणात कळते, शिल्लक नसेल तर त्याच्याशी मिळतीजुळती दहा नावे समोर येतात, आणि यूपीआयने पैसे भरल्यावर दोन मिनिटांत नाव आपल्या खात्यावर दिसू लागते. टोपलीत होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा), ई-मेल आणि सुरक्षेच्या योजना मात्र आपण न मागता येऊन बसतात, आणि त्या एकेक करून काढाव्या लागतात. मी त्या काढल्या. डॉट कॉम ६९९ रुपये आणि डॉट इन २९९ रुपये या दराने, १८ टक्के जीएसटी धरून, माझे ९,१८७ रुपये गेले.

एवढ्या स्वस्तात नाव कसे परवडते, हा प्रश्न मला त्या रात्री पडला नाही. पडायला हवा होता. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते, आणि प्रत्येक नावामागे नोंदणी कंपन्यांकडून ठरावीक घाऊक रक्कम घेते. २०२२ च्या अखेरीस ती ८.९७ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ७३० रुपये होती. सप्टेंबर २०२४ पासून ती १०.२६ डॉलर झाली. म्हणजे मला ६९९ रुपयांना विकलेले नाव कंपनीने पदरचे पैसे घालून विकले होते, आणि ते पैसे ती दुसऱ्या वर्षापासून वसूल करणार होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये नूतनीकरणाचे पत्र आले तेव्हा डॉट कॉमचा दर १,२९९ आणि डॉट इनचा ८९९ होता. चौदा नावांचे करासह १९,०९९ रुपये झाले. नूतनीकरणाचा दर खरेदीच्या पानावर लिहिलेला होता हे मान्य करतो, पण तो मोठ्या लाल ६९९ च्या खाली इतक्या फिकट आणि बारीक अक्षरांत होता की माझ्याकडे एखाद्या गिऱ्हाइकाने असे कार्ड छापायला आणले असते, तर ‘हे वाचता येणार नाही’ म्हणून मीच त्याला परत पाठवले असते.

सात नावे तिथेच सोडून दिली आणि सात ठेवली. त्यांचे ९,७८६ रुपये भरले.

सोडलेली नावे कोणती आणि का, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण बेळगावसारख्या गावात हा विषय बाकी ठिकाणांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली, आणि जुन्या ‘बेलगाम’ या स्पेलिंगच्या जागी ‘बेळगावी’ हे स्पेलिंग सरकारी कागदांवर आले. मी मराठीत बेळगाव म्हणतो, कन्नड शेजारी बेळगावी म्हणतो, पुण्या-मुंबईचे व्यापारी अजून बेलगाम टंकतात, रेल्वे स्थानकाचा संकेत आजही जुन्या स्पेलिंगमधील बी-जी-एम असाच आहे, आणि माझ्याकडे येणारे गिऱ्हाईक जीएसटीच्या बिलावर नवे स्पेलिंग आणि लग्नपत्रिकेवर जुने छापून घेते. नव्या स्पेलिंगमध्ये ‘एल’नंतर ‘ए’ आहे की नाही, यावर माझ्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी चर्चा होते. मी घेतलेल्या नावांपैकी सहा नावांत गावाचे नाव होते: कुंदा, मांडे, बासमती तांदूळ आणि साडी यांच्यापुढे किंवा मागे गाव जोडून केलेली. ती घेताना सरकारी स्पेलिंग तेच टिकणार असा माझा हिशेब होता. पण नाव विकत घेणाऱ्याला ते फोनवर सांगता यावे लागते, आणि सांगितल्यावर ऐकणाऱ्याने दुसरा प्रश्न न विचारता ते बरोबर टंकावे लागते. माझ्या नावांत पहिला प्रश्न गावाच्या स्पेलिंगचा यायचा आणि दुसरा ‘मांडे’ शब्दातील ‘ए’ एक की दोन, असा.

गणपत गल्लीतील एका मिठाईवाल्या काकांना कुंद्याचे नाव दाखवायला मी स्वतः गेलो होतो. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “हे घेऊन मी काय करू वो? डब्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर आहे की. गिऱ्हाईक त्यावरच फोटो पाठवून मागतंय.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. डोमेनच्या व्यवहारात खरेदीदाराला नावाची गरज आधी असावी लागते. विक्रेत्याने जाऊन ती निर्माण करता येत नाही, निदान अर्ध्या किलो कुंद्याच्या डब्यापुरती तरी नाही.

आता कंपनीच्या विक्री-बाजाराविषयी. नाव बाजारात लावणे विनामूल्य आहे आणि विक्री झाल्यास २० टक्के दलाली कापली जाते. नावाची ‘अंदाजे किंमत’ सांगणारे एक यंत्र तिथे आहे. त्याने माझ्या कुंद्याच्या नावाची किंमत १,८०० डॉलर सांगितली, आणि ती वाचून मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो. हे यंत्र शब्द आणि आधी झालेल्या विक्रीचे आकडे जुळवून किंमत काढते, परंतु त्या शब्दांमागे खरेदीदार आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ ३ कोटी डॉलरना विकले गेले, ही बातमी वाचून या धंद्यात उतरलेले माझ्यासारखे पुष्कळ असतील. ते नाव इंग्रजीतील एक साधा शब्द होते आणि ते घेणाऱ्या कंपनीला त्या नावाने मोठी सेवा सुरू करायची होती, हे दोन्ही भाग बातमीत असूनही वाचताना नजरेतून सुटतात. बाजारात लावलेल्या माझ्या नावांना तीन वर्षांत एकच विचारणा आली. विचारणाऱ्याने ४,००० डॉलर देऊ केले आणि फक्त एका विशिष्ट संकेतस्थळावरून मूल्यांकनाचा दाखला आणा असे कळवले. त्या दाखल्याचे ७० डॉलर मला भरायचे होते. ही फसवणुकीची जुनी तऱ्हा आहे. मूल्यांकनाचे संकेतस्थळ आणि खरेदीदार बहुधा एकच असतात, आणि पैसे भरले की दोघेही नाहीसे होतात. मी पैसे भरले नाहीत, ते शहाणपणामुळे नव्हे, तर त्या दिवशी कार्ड चालले नाही म्हणून.

जे एक नाव विकले गेले, ते बाजारातून गेले नाही. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे, गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावर होमस्टे काढलेले एक गृहस्थ मार्च २०२४ मध्ये फलक छापायला दुकानात आले. फलकावर संकेतस्थळाचा पत्ता म्हणून कुठल्याशा फुकट सेवेचा ओळभर लांब पत्ता होता, आणि तो मावेना. माझ्याकडे ‘चोर्ला’ आणि ‘स्टे’ हे दोन शब्द जोडलेले डॉट कॉम पडून होते. मी ते कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले. पंचवीस हजार सांगितले, “जरा बघून सांगा की वो” झाले, चहा झाला आणि १५,००० वर व्यवहार ठरला. चोर्लाचे स्पेलिंग एकाच प्रकारे होते, पर्यटक बाहेरचे असल्याने नकाशात शोधूनच येणार होते, आणि मालकाला नाव त्याच दिवशी हवे होते.

इथे मात्र कंपनीच्या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. नोंदणीनंतर किंवा एका कंपनीतून दुसरीकडे नेल्यानंतर ६० दिवस नाव पुन्हा हलवता येत नाही, आणि हलवताना एक गुप्त संकेत लागतो. पण एकाच कंपनीतील एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नाव देणे फार सोपे आहे. गृहस्थांचे खाते दुकानातच उघडले, त्यांनी यूपीआयने पैसे पाठवले, मी नाव त्यांच्या खात्यात ढकलले, आणि दहा मिनिटांत ते त्यांच्या मोबाइलवर दिसू लागले. समोरासमोर व्यवहार होता म्हणून हे चालले. अनोळखी खरेदीदाराशी असे करू नये. तिथे पैसे मधल्या विश्वस्त सेवेकडे ठेवूनच नाव सोडावे.

माझी सर्वांत मोठी तक्रार नूतनीकरणाच्या व्यवस्थेविषयी आहे. ‘आपोआप नूतनीकरण’ हा पर्याय मी चालू ठेवला होता आणि कार्डही जोडलेले होते. परंतु रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, कार्डावरून वारंवार पैसे कापायचे असतील तर ग्राहकाने त्यासाठी एकदा वेगळी मंजुरी नोंदवावी लागते. ती नोंदवलेली नसतानाही कंपनीचे पान हिरव्या अक्षरांत ‘चालू’ असेच दाखवत राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मला चार नावे ठेवायची होती. त्यांपैकी तीन मी हाताने पैसे भरून वाचवली. चौथे राहून गेले, त्याची आठवणपत्रे बंद पडलेल्या ई-मेलवर जात राहिली, आणि मुदत संपून गेली. डॉट कॉम नाव मुदत संपताच हातचे जात नाही. आधी कंपनी देईल तेवढी, जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते, त्यानंतर ३० दिवस दंड भरून ते सोडवता येते, आणि शेवटचे पाच दिवस ते कोणालाच मिळत नाही. मग ते सर्वांसाठी खुले होते. मला जाग आली तेव्हा दंडाचे दिवस चालू होते आणि सोडवण्याची रक्कम सुमारे सात हजार होती. मी ती भरली नाही. नाव खुले झाले त्याच दिवशी दुसऱ्या कोणीतरी ते उचलले. ग्राहक-सहाय्यातील मुलगा रात्री साडेअकरालाही नम्रपणे बोलला, पण ‘आठवणपत्रे पाठवली होती’ यापलीकडे त्याच्याकडे काही नव्हते.

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख करायला हवा, कारण तिथे कंपनीने मला थांबवले नाही आणि तो तिचा उद्योगही नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधील सादरीकरणात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सगळीकडे चर्चा झाली. कोल्हापुरी चपलेचे २०१९ मधील भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात आमचा जिल्हाही येतो, आणि अथणीच्या चपला मी लहानपणापासून घालतो. तेव्हा त्या इटालियन नावाला ‘कोल्हापुरी’ जोडून डोमेन घ्यावे असे मनात आले. नाव शिल्लक होते. एका वकील मित्राने अडवले. दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाचे नाव हेतुपुरस्सर घेऊन ते त्यालाच विकू पाहणे हा डॉट कॉमसाठी १९९९ पासून लागू असलेल्या तंटा-धोरणात अप्रामाणिकपणाचा पुरावाच मानला जातो, डॉट इनसाठीही तसेच धोरण आहे, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते असे ठरवले आहे. निकाल विरुद्ध गेला तर नाव भरपाईशिवाय जाते. खरेदीच्या पानावर ‘हे नाव लोकप्रिय होत आहे’ असा एक चमकणारा पट्टा मात्र होता.

एक डॉट भारत नावही माझ्याकडे आहे, देवनागरीत, ‘ळ’सकट. ही सोय ऑगस्ट २०१४ पासून आहे. पडद्याआड यंत्र त्याचे रूपांतर इंग्रजी अक्षरांच्या अगम्य माळेत करते, अनेक ठिकाणी त्यावरचा ई-मेल स्वीकारला जात नाही, आणि विकायला काढले तर कोणी घेणार नाही. ते हिशेबात धरलेले नाही, आणि दुकानाच्या फलकावर ते लावलेले आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये वाचवलेल्या तीन नावांचे नूतनीकरण, डॉट कॉमचा दर १,३९९ झाल्यामुळे, ४,३६२ रुपये पडले. तीन वर्षांत एकूण २३,३३५ रुपये गेले आणि १५,००० आले. नोंदणी आणि खात्यांतर यांसाठी ही सेवा मी पाचपैकी चार गुणांची मानतो, विक्री-बाजारासाठी एक, आणि नूतनीकरणाच्या सूचनांसाठी तोही देणार नाही. उरलेल्या तीनपैकी दोन डॉट कॉम दुसऱ्या, नूतनीकरणाचा दर आधी ठळक छापणाऱ्या कंपनीकडे नेण्यासाठी गुप्त संकेत मागवला आहे. तिसरे नाव उद्यमबागेतील फाउंड्रीवाल्यांना उपयोगी पडेल असे वाटते, आणि त्यांची दिवाळीची कॅलेंडरे छापायला यंदा माझ्याकडेच आली आहेत.