मध्यस्थ घडवायचे: रोल-प्ले, फिशबोल की प्रकरण-चर्चा?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मध्यस्थीचा वर्ग घ्यायचा तर भाषेचा विचार आधी करावा लागतो. एक पक्ष मराठीत बोलतो, दुसरा कन्नडमध्ये, आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्येच असतो.

न्यायालयीन मध्यस्थांच्या ४० तासांच्या प्रशिक्षणात रोल-प्लेवर, म्हणजे भांडणाची बैठक वठवून सराव करण्यावर, मोठा भर असतो. गट पाचांचा: दोन पक्ष, मध्यस्थ, सहमध्यस्थ, निरीक्षक. ४५ मिनिटं बैठक, २० मिनिटं चर्चा. दोन्ही पक्षांना वेगवेगळा गुप्त कागद द्यायचा. त्यात ‘विहिरीची रात्रीची पाळी नको’ एवढीच मागणी लिहून भागत नाही. घरात एकटी बाई आहे, ती रात्री शेतात जाऊ शकत नाही, हेही हवं. नाहीतर मध्यस्थाने कितीही खोदून विचारलं तरी हाती काही लागत नाही. हमखास बिघडतं ते पुढेच: पक्षांना आपसात तोडगा काढू देण्याऐवजी शिकाऊ माणूस पंच होऊन निवाडा देत बसतो. ‘काका, तुम्ही वडीलधारे, चार फूट सोडा की!’ गटाजवळ प्रशिक्षक नसेल तर ही खोड पक्की होते. म्हणजे वीस जणांना चार प्रशिक्षक, आणि खर्च तिथेच वाढतो.

फिशबोलला एक प्रशिक्षक पुरतो. मध्ये चार खुर्च्यांवर तीच बैठक वठवायची, बाकीचे भोवती बसून बघतात. दर दहा मिनिटांनी मध्यस्थ बदलायचा. बाहेरच्यांना काम नेमून द्या, नाहीतर जेवणानंतर डुलक्या ठरलेल्या. एकाने मध्यस्थाचे प्रश्न शब्दशः लिहावेत, दुसऱ्याने भाषांतरात काय गळलं ते टिपावं. कन्नडमधला राग मराठीत सांगताना मध्यस्थ नकळत मवाळ करतो. ही चूक इथे सगळ्यांसमोर पकडता येते. मात्र प्रत्यक्ष सराव प्रत्येकाला दहाच मिनिटं मिळतो, आणि वकील मंडळी खुर्ची लवकर सोडत नाहीत.

प्रकरण-चर्चा नवख्यांसाठी नाहीच. मध्यस्थी करू लागलेल्या पाच-सहा जणांनी आपापल्या खऱ्या प्रकरणांवर बोलायला महिन्यातून एकदा बसावं. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गोपनीयतेचं बंधन आहे, आणि नुसती नावं बदलून ते पाळलं जात नाही. विहीर कुणाची हे तालुक्याला कळतंच. गाव, पीक, नातंही बदला.

वीस शिकाऊ आणि दोनच प्रशिक्षक असतील तर पहिला अर्धा दिवस फिशबोल घ्या. मग रोल-प्लेचे एका वेळी दोनच गट चालवा, उरलेल्यांना निरीक्षणाला बसवा. चार प्रशिक्षक असतील तर तासभर फिशबोल पुरे. कन्नड पक्षाची भूमिका मात्र कन्नड घरातल्याच माणसाला द्या. दुसऱ्याने तुटक कन्नडमध्ये वठवली की वर्ग हसतो आणि भांडणाला धारच राहत नाही.